बुधवारची तार

ही गोष्ट मी आजवर शंभर वेळा तरी सांगितली असेल, आणि शंभरही वेळा खोटी सांगितली. म्हणजे सगळीच खोटी नाही. तार खरी, थंडी खरी, आई गेली हे तर सगळ्यांत खरं. फक्त मधलं एक वाक्य मी कापून टाकत असे. ते वाक्य माझ्या नवऱ्याचं होतं. ते कापलं की गोष्ट अशी झकास बसायची: यांच्या पासापायी मला माझी आई शेवटची भेटली नाही. ऐकणाऱ्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मीही लावायचे. आता हे नाहीत, त्या बायांतल्याही बऱ्याच नाहीत, आणि या वयात घाबरावं असं मला कुणी उरलेलं नाही. तेव्हा एकदा त्या वाक्यासकट लिहून काढते.

गोष्टीतली बाई तीस वर्षांची आहे. साल असेल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर. लखनौला मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहते, दोन मुलं आहेत, आणि बाईंचा तोरा बघून घ्यावा. नाशिकच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी. लग्न होईपर्यंत तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाराशी ट्रंकेवर बसून प्रवास केलेली. पण रेल्वेतला इंजिनिअर नवरा मिळाला आणि दोन वर्षांत बाईंना वाटायला लागलं की रूळ आपल्याच माहेरच्यांनी टाकलेत.

आमच्यात पासाचं फार माहात्म्य होतं. वर्षाला ठरावीक पास मिळायचे. नवऱ्यानं फॉर्म भरायचा, प्रवासाला कोण कोण जाणार ते त्यात लिहायचं, खाली सही करायची, की ऑफिसातून पास हातात यायचा. पहिल्या वर्गाचा. तिकीट काढणं हा प्रकार आमच्याकडे नव्हताच. सोनाराच्या बायकोनं काचेच्या मण्यांवर भागवावं तसलं ते दिसलं असतं. कॉलनीतली एक बाई एकदा भावाच्या लग्नाला घाईघाईत तिकीट काढून गेली, तर आम्ही महिनाभर कुजबुजत होतो, की दोघांचं काही बिनसलंय की काय.

माझ्या आईला तर या पासाचं केवढं अप्रूप! मी माहेरी गेले की पोचल्या पोचल्या ती माझ्या पर्शीतून तो काढून घ्यायची आणि शेजारी दाखवून यायची. "आमच्या लेकीला तिकीट लागत नाही हो." मी लाजल्यासारखं करायचे आणि दाराआड उभी राहून सगळं ऐकायचे.

तर त्या वर्षी जानेवारीत, एका बुधवारी दुपारी तार आली. माझ्या भावाची. मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. एवढंच.

हे घरी नव्हते. कुठल्याशा आडलाइनीवर नव्या डब्यांच्या चाचण्या चालल्या होत्या, तिकडे गेले होते. शेजारच्या भाभीजींच्या यजमानांनी रेल्वेच्या फोनवरून निरोप धाडायचा पुष्कळ खटाटोप केला. उलट उत्तर आलं की चाचणीवाली पार्टी पुढे सरकली आहे, साहेब शनिवारी परततील.

मग त्या बाईनं काय केलं? फार कामं केली. अर्ध्या तासात होल्डॉल बांधला. मुलांचे स्वेटर, मोजे, माकडटोप्या वर काढून ठेवल्या. वाटेत खायला गूळपापडी केली. भाभीजींच्या यजमानांकडून पासाचा कोरा फॉर्म मागवला आणि स्वतःच्या वळणदार इंग्रजी अक्षरात भरून काढला. सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली, साहेबांना शोधायला नको म्हणून. आणि एवढं सगळं झाल्यावर ती होल्डॉलवर बसली.

बसली ती शनिवारपर्यंत.

मी तिला हल्ली पुष्कळदा विचारते, अगं भवाने, तुला अडचण तरी काय होती? रस्ता माहीत नव्हता? चारबाग स्टेशनावर महिन्यातून दोनदा जायचीस. भाषा येत नव्हती? सब्जीवाल्याशी अशी हुज्जत घालायचीस की तो भैया पुढची गल्ली चुकवायचा. पैसे तर गव्हाच्या कोठीत होतेच, नवऱ्याला कळू न देता ठेवलेले. नाशिक काही विलायतेत नव्हतं. संध्याकाळी चारबागला गाडीत बसायचं, झाशीला बदलायचं, की दीड दिवसात नाशिकरोड. मुलांना घेऊन पासावर हे तू चारदा केलं होतंस, नवरा बरोबर नसताना. मग?

ती फुलीकडे बघत बसते.

गुरुवारी दुपारी चिकनवाली खाला आली, लखनवी चिकनचं भरतकाम विकणारी. जुन्या लखनौच्या चौक बाजारातून पंधरा-वीस दिवसांनी गाठोडं घेऊन यायची, साड्या, कुर्ते, रुमाल, सगळं हातानं भरलेलं. साठीची असेल. पायांत पुरुषी बूट घालायची आणि सगळ्या लखनौभर एकटी हिंडायची. व्हरांड्यातल्या उन्हात तिनं गाठोडं सोडलं, आणि तिचं लक्ष होल्डॉलकडे गेलं.

"क्यों बहू, सफ़र है?"

"माँ बीमार हैं. नासिक जाना है."

"ऐ है! तो बैठी काहे को हो?"

"साहब आएँगे, दस्तख़त करेंगे, तब पास बनेगा."

"और टिकट?"

मी हसले. खरंच हसले. आई तिकडे अंथरुणावर, आणि ही बाई इकडे हसतेय. "खाला, हम रेलवे वाले हैं. हम लोग टिकट नहीं लेते."

तिला समजावं म्हणून मी तो भरलेला फॉर्म आणून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. "इसमें तुम्हारा नाम कहाँ है?"

"नाम नहीं है. रिश्ता लिखा है. वाइफ़."

"अच्छा," ती म्हणाली, "तो गाड़ी में कौन बैठेगा, रिश्ता?"

मला राग आला. कुठली कोण चिकनवाली, आणि मला शिकवते! त्या दिवशी मी तिच्याकडून रुमालसुद्धा घेतला नाही. शिक्षा म्हणून. ती मुकाट्यानं गाठोडं बांधायला लागली आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हमारी अम्मा होतीं तो हम पैदल चल देते."

शुक्रवारी कोहरा इतका होता की समोरचं क्वार्टर दिसत नव्हतं. ही एक नवी सबब मिळाली. गाड्या लेट असतील, मी भाभीजींना म्हटलं. भाभीजी म्हणाल्या, "हाँ, लेट तो होंगी." मला बरं वाटलं.

शनिवारी तीनच्या सुमाराला हे आले. अंगावर धूळ, दाढी वाढलेली, खेड्यातून घेतलेल्या मटाराच्या शेंगांची पिशवी हातात. मी दारातच तार पुढे केली. त्यांनी ती वाचली. मग वरची तारीख पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"अगं, ही बुधवारची तार. तू अजून इथेच?"

हेच ते वाक्य. त्यात राग नव्हता, ओरडा नव्हता. निव्वळ नवल होतं. घरी आल्यावर रिकामं घर आणि टेबलावर चिठ्ठी असेल असं धरून चालणाऱ्या माणसाला बायको दारात उभी दिसली, तर तो असंच म्हणेल.

मी काय म्हणाले सांगू? म्हटलं, "मग काय करणार होते? तुमची सही हवी होती." आणि पेनासकट फॉर्म पुढे धरला.

त्यांनी फॉर्म घेतलाच नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "ते राहू दे. मुलांना बूट घाल."

अंघोळ न करता, तसल्याच कपड्यांत ते आम्हाला चारबागला घेऊन गेले. आणि तिथे एक गंमत झाली. वीस वर्षं रेल्वेच्या नोकरीत काढलेल्या या माणसाला तिकिटाची खिडकी कुठे असते ते ठाऊक नव्हतं. हमालाला विचारावं लागलं. हमालानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातानं दाखवलं. रांगेत चार माणसं होती. यांनी खिडकीत हात घातला, दोन शब्द बोलले, आणि पुठ्ठ्याची बोटभर तिकिटं घेऊन परत आले. मुलीनं तोंडातली रेवडी संपवली नव्हती, एवढा वेळ.

सोमवारी सकाळी आम्ही नाशिकला पोचलो. भावानं दार उघडलं. त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

आई शनिवारी पहाटेच गेली होती. म्हणजे मी पेनासकट फॉर्म पुढे धरला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पण ते ऐकूनही मी उभी होते. पडले ते नंतर, वहिनी बोलली तेव्हा. तिला बिचारीला काय कल्पना! ती मला धीर द्यायला बसली होती.

"वन्सं, फार हाल नाही झाले हो त्यांचे. शुक्रवारी तर एकदम छान वाटत होतं. उठून बसल्या, माझ्याकडून वेणी घालून घेतली. मऊ भात खाल्ला. दिवसभर बोलत होत्या."

"दिवसभर?"

"हो तर. दारात टांगा थांबला की मला बघायला पिटाळायच्या. मी आपली हात पुसत जायचे आणि परत यायचे. मग स्वतःच म्हणाल्या, तिचं आपल्यासारखं नसतं, तिला पास निघाल्याशिवाय येता येत नाही. शेजारच्या काकू भेटायला आल्या तर त्यांनाही तेच सांगत होत्या. लेक पासावर येणारेय म्हणून."

बुधवारी संध्याकाळी निघाले असते तर मी शुक्रवारी सकाळी पोचले असते. वेणी मी घातली असती. कोहऱ्यानं गाडी अडली असती तरी दुपार मिळाली असती, संध्याकाळ मिळाली असती. हा हिशेब मला मांडावा लागला नाही, तो आपोआप मांडला गेला, आणि त्याच्यासमोर मला एक क्षणही उभं राहवेना. मी मान वळवली. अंगणात हे मुलांचे पाय धुवत होते. आठवडाभराची दाढी, चुरगळलेला शर्ट. आणि मला जागा सापडली. हे सगळं ठेवायला जागा सापडली.

तेराव्याला जमलेल्या बायकांना मी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. तार आली, हे दौऱ्यावर, सहीशिवाय पास नाही, आणि माझी आई वाट बघत गेली. हे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता बोलतील. ते आत जाऊन पाणी पिऊन आले.

पुढची दहा-अकरा वर्षं मी या गोष्टीच्या जोरावर संसार केला. हे तिच्या तोंडावर सांगितलं तर त्या बाईला आवडणार नाही, कारण तिला स्वतःला गरीब गाय समजायला आवडायचं. गाय कसली! यांची बदली लांब होत होती, मला जायचं नव्हतं. गोष्ट काढली, यांनी साहेबांना सांगून बदली थांबवली. दिराकडे होळीला जायचा कंटाळा. गोष्ट काढली. बैठकीतले पडदे, मुलाची शाळा, यांच्या मित्रांचं रविवारचं ब्रिज. अख्खी सुद्धा सांगावी लागायची नाही. "तुमच्या पासापायी..." एवढं म्हटलं की हे गप्प. आणि लोक म्हणायचे, बाई फार सोशिक आहे हो. घरात पान हलायचं ते माझ्या मर्जीनं, आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचे की मला बाई काही विचारता येत नाही, मी आपली परस्वाधीन.

मग पंच्याऐंशीच्या सुमाराचा एक रविवार. थंडीचेच दिवस. मुलगी अठराची झाली होती. तिला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं, मुलाखतीचं पत्र आलं होतं, आणि ती एकटी जाते म्हणत होती. दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. हे म्हणाले, "जाऊ दे ना. शहाणी आहे."

मी म्हटलं, "अठरा वर्षांची मुलगी एकटी गाडीत? काही नको."

"पण आई, मेरी सारी फ्रेंड्स जातात."

"मी सांगते ना, नाही म्हणून."

"अगं, काय होतंय," हे म्हणाले.

मी भाजीचा डाव खाली ठेवला आणि ठेवणीतलं बाहेर काढलं. "तुम्ही तर बोलूच नका. तुमच्या पासापायी माझी आई मला..."

हे गप्प झाले. नेहमीसारखं. पण मुलगी गप्प झाली नाही. तिनं आजवर ती गोष्ट पाच-पन्नास वेळा ऐकली असेल, लहानपणापासून, आणि त्या दिवशी बहुधा ती पहिल्यांदाच गोष्टीत शिरून उभी राहिली. म्हणाली, "पण आई, टिकट लेके चली जातीस ना. बाबांनी मना केलं होतं का?"

भांडायला म्हणून नाही हो, सरळ विचारलं.

मी यांच्याकडे पाहिलं. ते संत्रं सोलत होते. मला वाटलं, झालं, आता सांगतील. अकरा वर्षं हा माणूस ते वाक्य खिशात घालून हिंडतोय. नुसतं बाहेर काढायचा अवकाश, मी मुलांसमोर उघडी पडणार. मी पदर घट्ट धरला.

त्यांनी एक फोड मुलाच्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "जेवताना नको तो विषय. तिला त्रास होतो."

तिला त्रास होतो. म्हणजे मला.

त्या एका घटकेत मला जे दिसलं ते मी अकरा वर्षं मान वळवून चुकवलं होतं. मला कुणीही अडवलं नव्हतं. यांनी नाही, सासूनं नाही, रेल्वेनं नाही. कुणीतरी 'जा' म्हणावं, एवढ्यासाठी मी थांबले होते. वाटेत मुलं आजारी पडली, गाडी चुकली, तर दोष 'जा' म्हणणाऱ्याच्या माथी. पायांत बळ होतं, हातात पैसा होता, तोंडात भाषा होती. आणि ते माझं आहे हे कबूल केलं असतं तर पुढचंही कबूल करावं लागलं असतं, की वापरलं नाही तेही मीच.

"नाही," मी म्हटलं. "मना नव्हतं केलं."

"फिर?"

"फिर काय? मी बसून राहिले." आणि मग ते वाक्यही सांगून टाकलं. "तुझे बाबा परत आले तेव्हा म्हणाले, तू अजून इथेच?"

कुणी जेवेना. मुलगा पंधराचा, त्याला काही पोच नाही. तो म्हणाला, "तो फिर इतने साल से बाबा को क्यों सुना रही हो?"

हे उठून हात धुवायला गेले आणि तसेच मागच्या बागेत गेले. मी भांडी तशीच टाकून त्यांच्या मागे गेले. ते मुळ्याच्या वाफ्यापाशी उगाच उभे होते.

"सांगितलं तिला," मी म्हटलं.

"ऐकलं."

"तुम्ही का नाही सांगितलंत कधी? एकदा तरी म्हणायचं होतं."

त्यांनी मुळ्याचं एक पिकलं पान खुडलं. मग म्हणाले, "तुला कुणावर तरी राग काढायला हवा होता. म्हटलं, परका माणूस कुठून आणणार?"

मी हसले, आणि हसता हसता तिथेच मातीत बसले. राग गेल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. राग होता तोवर माझ्यात आणि आईत हे उभे होते. ते बाजूला झाले आणि पलीकडे आई दिसली, वेणी घालून बसलेली, टांग्याचा आवाज ऐकून वहिनीला दाराशी पाठवणारी. अकरा वर्षांत मी तिच्यासाठी रडले नव्हते. बायकांत बसून रडले होते, पण ते यांच्याविरुद्ध रडणं होतं. नुसतं आईसाठी रडले ते त्या दिवशी. हे मला उठवायला गेले नाहीत. माझ्यावर ऊन येत होतं तिथे सावली करून उभे राहिले.

मुलगी पुढच्या महिन्यात एकटी पुण्याला गेली आणि आलीही. ते काही एवढं मोठं नाही. तिला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही.

तिच्याआधी मी गेले, नाशिकला. त्याच आठवड्यात. यांना सांगितलं, विचारलं नाही. ते म्हणाले, "पास काढू?" मी म्हटलं, "नको." चारबागला खिडकीसमोर उभी राहिले, नाशिकरोड म्हटलं, आणि आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "एक?" मी म्हटलं, "एक." स्वतः काढलेलं पहिलं तिकीट, बेचाळिसाव्या वर्षी.

भावानं मला दारात एकटी पाहिलं आणि तो पांढरा पडला. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही रे. बस जरा, घाबरू नको."

"मग अशी अचानक? पत्र नाही, काही नाही."

मी सरळ मधल्या खोलीत गेले. जिथे आईचा पलंग होता तिथे आता वहिनीचं शिवणयंत्र होतं, वर कापडांचा ढीग. वहिनी लगबगीनं ते आवरायला लागली. मी म्हटलं, "असू दे," आणि यंत्राशेजारी जमिनीवर बसले. ती चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ टेकली.

"किती दिवस आहात, वन्सं?"

"उद्या निघते."

"अगंबाई! एवढ्या लांबून आलात आणि लगेच?"

"लांब कुठे," मी म्हटलं. "दीड दिवस तर लागला."